ढाबळीवरचं झाकण

रूबेन ट्रँटरनं परसातल्या कबुतरांच्या ढाबळीचं छप्पर उचकटलं ते १९४० सालच्या ऑगस्टात, भर दुपारी, आणि बायकोला सांगितलं की विमानांसाठी देतोय. तसं बघायला गेलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या उन्हाळ्यात इंग्लंडातलं आमचं सगळं विलेनहॉल गाव लढाईच्या विमानांसाठी भांडीकुंडी देत होतं. सरकारनं ॲल्युमिनियम मागितलं आणि आमच्या बायकांनी फडताळं रिकामी केली. तवे गेले, किटल्या गेल्या, पलीकडच्या गल्लीतल्या एका विधवेनं तर गेलेल्या नवऱ्याचा ॲल्युमिनियमचा पाय आणून दिला. रूबेनच्या हेटीनं दोन चांगली पातेली देऊन टाकली होती आणि तेव्हापासून तिचे वाटाणे बिडाच्या भांड्यात रोज करपत होते.

"पातेली दिली ती दिली," हेटी दारातून म्हणाली. "आता पाखरांच्या डोक्यावरचं छप्परही द्यायचं? उद्या माझे दात मागतील."

"तुझे दात ॲल्युमिनियमचे नाहीत," रूबेन म्हणाला, आणि पत्रा डोक्यावर घेऊन शिडीवरून खाली उतरला. बाहेर कारखान्याची लॉरी उभी होती. भांडी गोळा करायला कारखान्याची लॉरी घरापर्यंत कशाला येईल, हे हेटीच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटाण्यांचा वास आला होता.

त्या पत्र्याची कथा आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

रूबेनचा बाप कुलूपवाला, आजा कुलूपवाला. आमच्या विलेनहॉलात दुसरं होतं काय? सगळा जन्म कानस घेऊन वाकायचं आणि म्हातारपणी पाठीवर कुबड घेऊन दारू प्यायला जायचं. रूबेनला ते नको होतं. तो गावाबाहेरच्या विमानांच्या कारखान्यात गेला आणि पत्रा ठोकायला शिकला. हातात लाकडी मोगरी, समोर वाळूची पिशवी, आणि सपाट पत्र्याला हळूहळू पोट आणायचं. त्याच्या हाताला ते साधलं. बोलायचा कमी. घरात लग्नाला वीस वर्षं झाली तरी हेटीला माहीत नव्हतं की तो मत कुणाला देतो.

लढाईच्या तीनेक वर्षं आधी कारखान्यानं एक नव्या तऱ्हेचं विमान बांधलं. पुढं पायलट, आणि त्याच्या पाठीमागं काचेचा फिरता घुमट. घुमटात चार मशीनगना आणि एक माणूस, गनर. पायलटच्या हातात एकही बंदूक नाही. त्यानं फक्त उडवायचं, मारायचं ते मागच्यानं. कल्पना वरच्या लोकांना फार आवडली होती. पण पहिलं विमान तयार झालं आणि घुमट काही तयार होईना. मग उडवून तर बघू म्हणून घुमटाच्या भोकावर तात्पुरतं एक झाकण बसवायचं ठरलं. ते झाकण रूबेननं ठोकलं. उपड्या होडीसारखं, लांबट, गुळगुळीत. तेवढे काही महिने ते विमान एकट्या पायलटचं होतं.

पुढं घुमट आला, झाकण निघालं. फोरमन इनॉस पार्जेटर म्हणाला, "घेऊन जा घरी. एवढं काम भंगारात टाकायला माझा हात धजत नाही." रूबेननं ते हातगाडीवर घालून आणलं. त्याचा एकुलता एक मुलगा क्लेम तेव्हा परसात शर्यतीच्या कबुतरांसाठी ढाबळ बांधत होता. बापलेकांनी झाकण वर चढवलं तर ते असं बसलं की जणू मापच घेतलं होतं. उन्हात ते असं चमकायचं की शेजारीण तक्रार करायची. क्लेम म्हणायचा, माझ्या पाखरांना पार लांबच्या श्रूस्बरी गावावरून घर दिसतं.

आणि मग दैवानं थट्टा केली. लढाई आली, क्लेम हवाई दलात भरती झाला, गनर झाला, आणि इतक्या तऱ्हेची विमानं सोडून नेमका बापाच्या हातच्या विमानात, त्या घुमटात जाऊन बसला.

पहिल्यांदा सगळ्यांना केवढं कौतुक. पबमध्ये लोक रूबेनला बियर पाजायचे. बाप विमान ठोकतो, पोरगा त्यातून गोळ्या ठोकतो, असं म्हणायचे. सुरुवातीला विमानाला यशही आलं. जर्मन पायलटांना ते आमच्या इतर लढाऊ विमानांसारखंच दिसायचं, ते बेलाशक पाठीमागून यायचे आणि चार बंदुकांच्या तोंडी सापडायचे. पण शत्रू काही गाढव नव्हता. त्याला कळलं की याला पुढं दात नाहीत आणि पोटाखाली डोळे नाहीत. मग तो पुढून आणि खालून यायला लागला. जुलैतल्या एका दुपारी क्लेमची अख्खी तुकडी समुद्रावर गेली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी परत आली. वर्तमानपत्रांनी गप्प बसायचं ठरवलं, पण कारखान्यात अशी गोष्ट झाकून राहते होय? क्लेम वाचला तो निव्वळ नशिबानं. त्याच्या पायलटचं, हॅलमचं, इंजिन त्या दिवशी सुरूच झालं नव्हतं.

त्या दिवसापासून रूबेनच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. घुमटाचं दार त्याला ठाऊक होतं. ते मागच्या बाजूला होतं, आणि घुमट बाजूला फिरवला तरच त्यातून माणूस बाहेर पडू शकायचा. वीज गेली तर हातानं दांडा फिरवत बसायचं. जागा इतकी अरुंद की पाठीवर पॅराशूट मावत नाही, ते कपड्यांतच शिवलेलं. कुलूपवाल्यांच्या घरातला माणूस तो. दार कुठल्या बाजूनं उघडतं हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागत नव्हतं.

अशात एक दिवस पार्जेटरनं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पहिल्या विमानातला घुमट काढायचाय. बंदुका पंखांत घालायच्या, मागचा माणूस काढायचा, आणि हे एकट्या पायलटचं लढाऊ विमान होतंय का ते उडवून बघायचं. जमलं तर पुढची सगळी तशीच. पार्जेटरनं ओठांवर बोट ठेवलं. बायकोलाही बोलायचं नाही.

कारखान्यातल्या पत्रा ठोकायच्या शॉपमध्ये दोन तट पडले. निम्मे म्हणाले, म्हातारीला परकर नेसवून नवरी होत नाही, हे विमान मुळातच जुनं झालंय. निम्मे म्हणाले, वजन उतरवून तर बघा, कसं पळतं ते. रूबेन कुठल्याच तटात नव्हता. त्याला एवढंच समजलं की जे वजन उतरवायचंय त्यात त्याचा मुलगा आहे. इतका आनंद त्याला क्लेम जन्मला तेव्हाही झाला नसेल.

भोकावर नवं झाकण ठोकायचं म्हणजे आठवडा जाणार होता. "जुनं माझ्या घरी आहे," रूबेन म्हणाला. पार्जेटर हसायला लागला. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी लॉरी ट्रँटरांच्या दाराशी आली.

क्लेम त्याच आठवड्यात दोन दिवसांच्या रजेवर आला. वाळला होता, पण तोंड तेच. आल्या आल्या आईला म्हणाला, काय जाळलंस, आणि फटका खाल्ला. मग परसात गेला तर ढाबळीवर ताडपत्री.

"छप्पर कुठं गेलं?"

"दिलं विमानांसाठी," रूबेन म्हणाला.

क्लेमला ते फारच आवडलं. "म्हणजे फिरून माझ्याच बुडाखाली येणार ते," तो म्हणाला, आणि रूबेनही हसला, जरा जास्तच हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमनं आपली लाडकी तांबडी मादी टोपलीत घातली, सायकलवर बराच लांब गेला, आणि तिला तिथून सोडून परत आला. ती त्याच्या आधी घरी पोचायला हवी होती. पोचलीही होती, पण खाली उतरत नव्हती. घरावर घिरट्या घालत होती. तिला ओळखीची चमक दिसत नव्हती. दोनदा ताडपत्रीजवळ आली आणि बिचकून वर गेली.

"बघ," हेटी नवऱ्याला म्हणाली. "तिला आपलं घर ओळखू येईना. मला हे लक्षण बरं दिसत नाही."

"पाखरू ते. त्याला कसलं लक्षण," रूबेन म्हणाला.

क्लेमनं मक्याचा डबा आणला आणि वाजवायला लागला. आमच्याकडे ज्यानं त्यानं आपल्या पाखरांना आपल्या डब्याची सवय लावलेली असते. क्लेमचं वाजवणं ठरलेलं होतं, दोन लांब, एक तोकडं, मग जरा थांबणं. तांबडी शेवटी ताडपत्रीवर उतरली, पण आत जाईना. आणि पाखरू छपरावर बसलं म्हणजे घरी आलं असं कुणी धरत नाही. शर्यतीत छपरावर बसून वेळ घालवलेल्या पाखरानं कितीतरी जणांच्या तोंडचं पाणी पळवलंय. आत शिरलं तरच आलं. क्लेम न कंटाळता वाजवत राहिला, आणि बऱ्याच वेळानं ती मान खाली घालून आत शिरली.

त्या संध्याकाळी जेवताना क्लेमनं गोष्ट काढली. वेल्समध्ये गनर तयार करायची शाळा होती. तिथं शिकवायला खरी लढाई बघितलेली माणसं हवी होती, आणि त्याच्या तुकडीच्या साहेबानं त्याला विचारलं होतं. परत गेल्यावर हो किंवा नाही सांगायचं होतं.

हेटीनं चमचा खाली ठेवला. "यात सांगायचं काय? जातोस तू."

क्लेम ताटात बघत म्हणाला की एवढं सोपं नाही. हॅलम पुढं बघून उडवतो. मागचं त्याला काही दिसत नाही. मी डावीकडे म्हटलं की तो का म्हणून विचारत नाही, वळतो. मी गेलो तर त्याच्या मागं कुणीतरी नवखा येऊन बसेल. "त्याला पाठ नाही, आई. त्याची पाठ म्हणजे मी."

"त्याच्या आईला सांग म्हणावं, दुसरी पाठ जन्माला घाल," हेटी म्हणाली. मग ती रडायला लागली. ती सहसा रडायची नाही, आणि रडली की तिला स्वतःचाच राग यायचा. तिनं क्लेमचा हात धरला आणि म्हणाली, जा रे, वेल्सला जा, तिथं मेंढ्यांशिवाय कुणी मारणार नाही तुला. क्लेमनं हात सोडवून घेतला नाही. पण तो बघत होता बापाकडे.

"तू काय म्हणतोस, बाबा?"

आता रूबेनच्या मनात काय आलं ते सांगतो. वाईट काही नव्हतं, हेच तर दुःख आहे. आमच्याकडे सांगात्याला एकटं टाकून जाणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही, पण पबमध्ये त्याच्या शेजारच्या स्टुलावर कुणी बसतही नाही. रूबेनला आपल्या पोराचं तसं झालेलं नको होतं. त्याला वाटलं, मी जा म्हटलं तर हा जाईल, पण जन्मभर मान खाली घालून जगेल, आणि उद्या हॅलमचं काही बरंवाईट झालं तर माझं तोंड बघणार नाही. आणि गरज काय? तीन-चार आठवड्यांत ती खुर्चीच निघते आहे. विमान उडालं की कागद हलतील, सगळे घुमट उतरतील, हॅलम एकटा उडेल, आणि माझा क्लेम ताठ मानेनं वेल्सला जाईल. त्यानं कुणाला सोडलं असं होणारच नाही. सुंठीवाचून खोकला जातोय तर पोराच्या घशात सुंठ कशाला कोंबायची?

हे सगळं त्यानं मनात म्हटलं. तोंडानं म्हणाला, "तुझं तू ठरव. आता मोठा झालास तू."

क्लेमच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यानं मान हलवली आणि करपलेले वाटाणे आणखी मागून घेतले. हेटी ताटं घासायला उठली आणि असली आपटत होती की एक फुटलंच.

क्लेम रजेवरून परत गेल्यावर चार दिवसांनी विमान उडालं. सगळी शॉप मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. घुमट नाही, मागं माणूस नाही, पाठीवर रूबेनचं जुनं झाकण, आणि झाकणाच्या कडेला ढाबळीच्या खिळ्यांची भोकं रिवेटांनी बुजवलेली. ते वर गेलं, वळलं, त्यांच्या डोक्यांवरून असं सूं करून गेलं की टोप्या धरायची पाळी आली. उतरल्यावर पायलट म्हणाला, बुटातला खडा काढल्यासारखं वाटतंय. पार्जेटरनं रूबेनच्या पाठीत गुद्दा घातला. रूबेन विमानाजवळ गेला आणि झाकणावर हात ठेवून उभा राहिला. झालं, त्याला वाटलं. आलास तू घरी.

जाताना त्यानं हेटीसाठी पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या. "कुणाचं लग्न ठरलं?" तिनं विचारलं. सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण पार्जेटरला शब्द दिला होता, आणि शिवाय त्याला वाटलं, एकदम क्लेमचं वेल्सहून पत्र आलेलं बघू दे तिला.

वेल्सहून पत्र आलं नाही. जुलैनंतर उत्तरेला विसाव्याला पाठवलेल्या तुकडीला पुन्हा दक्षिणेला लढाईवर बोलावलं आणि ऑगस्ट संपता संपता तार आली. हेटी घरी एकटी होती. तिनं ती वाचली, डोक्याला रुमाल बांधला, आणि चालत कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली. बस होती तरी चालत गेली. पहारेकऱ्यानं रूबेनला बोलावून आणलं, तेव्हा तिनं कागद पुढं केला आणि म्हणाली, "आपला क्लेम गेला." बस, एवढंच.

शवपेटी बंदच आली आणि कुणी उघडा म्हटलं नाही. पुरायला नेलं त्या दिवशी सगळ्या गल्लीनं रीतीप्रमाणे खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, ज्यांच्याशी हेटीचं भांडण होतं त्यांनीसुद्धा. रूबेन चालला, वाकला, माती टाकली, लोकांशी हात मिळवले. घरी येऊन ढाबळीत शिरला आणि पाखरांमध्ये बसून ओक्साबोक्शी रडला. हेटीनं त्याला तिथं बसू दिलं.

पुढं काही दिवसांनी लंडनहून उत्तर आलं. पार्जेटरनं ते सांगताना रूबेनकडे बघितलं नाही. विमान चांगलं उडतं, पण एकट्या पायलटची दोन उत्तम विमानं देशात आधीच बनतायत. इंजिनंही तीच लागणार. तिसरं करायचं कशाला? आणि घुमटवाली विमानं दिवसाच्या लढाईतून आता काढून घेतलीच आहेत, यापुढं ती फक्त रात्री उडतील.

"कधी काढली?" रूबेननं विचारलं.

"ऑगस्टअखेर."

म्हणजे क्लेम गेला त्याच आठवड्यात. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो असा. रूबेननं मोगरी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"ते होत होतं ना, इनॉस? एकट्याचं?"

"होत होतं," पार्जेटर म्हणाला. "पण ते कुणालाच नको होतं."

ऑक्टोबरात त्या विमानात पुन्हा घुमट बसवला आणि झाकण दुसऱ्यांदा भंगारात निघालं. पार्जेटरनं ते न विचारता रूबेनच्या हातगाडीवर ठेवलं. एका रविवारी रूबेननं ते ढाबळीवर चढवलं. हेटी बघत होती. "विमानांना नको झालं वाटतं," ती म्हणाली. रूबेन म्हणाला, नको झालं. तिनं पुढं विचारलं नाही. त्या दिवसांत ती कशाचंच पुढचं विचारत नव्हती.

तो शेवटचा खिळा मारत होता तेव्हा दारावर थाप पडली. हवाई दलाच्या गणवेशातला एक उंच, कोवळ्या तोंडाचा माणूस उभा होता, दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या. हा हॅलम. इस्पितळातून सुटला होता आणि सरळ इथं आला होता. बोलणं मोठ्या घरचं, पण चहाचा कप धरता येईना, तेव्हा हेटीनं तो त्याच्या ओठांना लावला. घरातली सगळी साखर तिनं त्या कपात घातली होती.

हॅलमनं सांगितलं ते त्याला सांगायला फार जड गेलं. खालून मारा आला. आग लागली, वीज गेली, घुमट मागं तोंड करून अडकला. क्लेम विमानातल्या बोलायच्या तारेवर म्हणाला, मी दांडा फिरवतोय, तू उडी मार. मग तार बंद झाली. हॅलमनं हाका मारल्या. उत्तर येईना तेव्हा त्याला वाटलं, गेला बाहेर, आणि त्यानं उडी टाकली. खाली उतरताना वर बघितलं तर आकाशात एकच पॅराशूट होतं, त्याचं स्वतःचं.

तो टेबलावर डोकं टेकवून रडला. हेटी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "असू दे, पोरा," ती म्हणाली. "तुझा काही दोष नाही. असू दे."

सावरल्यावर हॅलमला वाटलं, या दोघांना थोडं सुखाचं काही सांगावं. तो रूबेनकडे वळला. "तो रजेवरून आल्यावर मी त्याला विचारलं होतं, मिस्टर ट्रँटर, शाळेत का नाही गेलास म्हणून. तो म्हणाला, आई रडली. पण बाबा स्वतः ही विमानं बांधतो. त्यात काही खोट असती तर तो बोलला असता. त्यानं माझ्यावर सोडलं, म्हणजे ठीक आहे." हॅलमनं डोळे पुसले. "तुमच्या हातांवर त्याचा फार विश्वास होता."

रूबेनचे हात टेबलावर होते, ते त्यानं खाली घेतले.

निघता निघता हॅलमनं विचारलं, अगदी सहज, की मेसमध्ये कुणी म्हणत होतं, घुमट काढून एक विमान केलं होतं म्हणे. ही नुसती आवई, का खरंच? "झालं असतं का हो ते एकट्याचं?"

रूबेननं खिडकीतून बाहेर बघितलं. शब्द पाळायला आता काही उरलं नव्हतं.

"झालं होतं," तो म्हणाला. "मी हात लावलाय त्याला. ते समोर दिसतंय ढाबळीवर, तेच झाकण होतं."

हेटीनं खिडकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"भांड्यांबरोबर दिलं होतंस ना ते?"

"नाही."

"म्हणजे क्लेम रजेवर आला तेव्हा ते विमानावर होतं."

"हो."

"आणि तो तुला विचारत होता तेव्हा तुला ठाऊक होतं. ते विमान असं धोक्याचं आहे म्हणूनच त्यातला माणूस काढतायत, हे तुला ठाऊक होतं."

मग रूबेन बोलला. जन्मात बोलला नव्हता इतकं बोलला. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न होता, हेटी. पोराची मान खाली जायला नको होती. मला वाटलं तो आपोआप सुटेल, कुणाला टाकून आलो असं त्याला कधी वाटणार नाही. मी त्याच्या भल्यासाठीच गप्प बसलो. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो थांबला. हॅलम दाराशी टोपी धरून उभा होता आणि आपण काय करून बसलो हे त्याला कळत होतं.

"मी रडत होते," हेटी म्हणाली, "पण तो माझ्याकडे बघत नव्हता, रूबेन. तो तुझ्याकडे बघत होता."

हॅलमला तिनंच फाटकापर्यंत पोचवलं, गळपट्टा नीट गुंडाळायला सांगितलं. परत आली ती घरात न येता परसात गेली. पाखरांच्या दाण्याची वेळ झाली होती. तिनं क्लेमचा डबा घेतला आणि वाजवायला लागली. क्लेम भरती झाल्यापासून ती असाच कसाही वाजवायची, आणि बाकीची पाखरं भूक लागली की यायची. आजही ती आली आणि एकेक करून आत गेली. तांबडी मागून आली. तिनं एकच घिरटी घातली आणि चमकत्या झाकणावर सरळ उतरली, न बिचकता, किती दिवसांनी. तिथंच बसली. आत जाईना.

रूबेन पायरीवर येऊन उभा राहिला. हेटी वाजवत होती, पाखरू बघत होतं. त्याला क्लेमचं वाजवणं पाठ होतं, दोन लांब, एक तोकडं.

"मी वाजवू का?" त्यानं विचारलं.

हेटीनं हात थांबवला. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. डबा पायरीवर ठेवला आणि आत निघून गेली.

रूबेननं डबा उचलला. दोन लांब, एक तोकडं, मग थांबला. तांबडीनं मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागं, घराच्या दाराकडे बघितलं, आणि झाकणावर आणखी थोडी वर सरकून बसली. त्यानं पुन्हा वाजवलं. दाराच्या आतून हेटीनं दिवा लावला आणि युद्धाच्या नियमाप्रमाणे काळा पडदा ओढून घेतला. दिसेनासं झालं तरी तो तसाच वाजवत होता.